लीज की लायसन्स? पुण्यात भाड्याचं घर घेताना सही करण्याआधी ओळखायच्या गोष्टी

पुण्यात नोकरीला किंवा शिकायला नव्याने आलं की घर शोधताना एकाच कागदाची तीन नावं कानावर पडतात. एजंट म्हणतो, ‘रेंट अ‍ॅग्रीमेंट करून टाकू.’ घरमालक म्हणतात, ‘अकरा महिन्यांचं लिव्ह लायसन करू.’ आणि ऑफिसातून मेल येतो, ‘लीजची कॉपी जमा करा.’ तिघांच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा एकच कागद असतो, त्यामुळे हे सगळं एकच, असं आपण धरून चालतो. बोलण्यात ते चालतं. कायद्यात मात्र लीज आणि लायसन्स या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मुदतीआधी घर सोडायची वेळ आली, मालकांनी मध्येच फ्लॅट विकला किंवा डिपॉझिट अडलं, की तुमच्या हातात काय उरतं हे त्या फरकावर ठरतं.

आधी फरक

लीज म्हणजे भाडेपट्टा. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याच्या कलम १०५ प्रमाणे लीजमध्ये जागेचा उपभोग घेण्याचा हक्कच मालकाकडून दुसऱ्याकडे जातो, ठरलेल्या मुदतीसाठी आणि ठरलेल्या मोबदल्यात. मालकी मालकाचीच राहते, पण मुदत संपेपर्यंत त्या जागेत भाडेपट्टेदाराचा स्वतःचा असा हितसंबंध तयार होतो. जागा विकली गेली तरी तो हितसंबंध जागेबरोबर जातो, नव्या मालकाला तो मानावा लागतो.

लायसन्स म्हणजे परवानगी. तिची व्याख्या इझमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम ५२ मध्ये आहे, आणि तोही कायदा १८८२ चाच. दुसऱ्याच्या जागेत जे करणं एरवी बेकायदा ठरलं असतं, ते करायला मालकाने दिलेली मुभा, एवढाच तिचा अर्थ. त्या जागेत तुमचा कसलाही हितसंबंध तयार होत नाही. ही परवानगी व्यक्तीला दिलेली असते, म्हणून ती परस्पर दुसऱ्याला देता येत नाही. आणि याच कायद्याचं कलम ५९ सांगतं, की मालकाने जागा विकली तर नवा मालक त्या परवानगीने बांधील नसतो.

दोन्ही प्रकार पुण्यात रोज दिसतात. भोसरी किंवा चाकणच्या एमआयडीसीतला कारखान्याचा प्लॉट ९५ वर्षांच्या लीजवर असतो. उद्योजक त्यावर शेड बांधतो, त्या लीजवर बँकेचं कर्ज काढतो आणि एमआयडीसीच्या संमतीने ती दुसऱ्याच्या नावे करतो. दुसरीकडे सदाशिव पेठेत किंवा नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं कॉट बेसिसवर राहतात. खोलीत चार कॉट, एक कपाट, बाथरूम सामाईक. खोलीची किल्ली मालकिणीकडे असते, त्या सकाळी येऊन झाडलोट करून घेतात, आणि एक कॉट रिकामी झाली की दुसरा मुलगा आणून ठेवतात. त्या मुलाला खोलीचा ताबा नसतो, फक्त तिथे झोपायची आणि अभ्यास करायची परवानगी असते. लायसन्स शुद्ध रूपात बघायचं असेल तर ते इथे दिसेल.

पंचाईत मधल्या जागेत आहे. वाकडचा किंवा खराडीचा टू बीएचके तुम्ही एकट्याने, आतून कडी लावून वापरता. वापरताना तो लीजसारखाच वाटतो. कागदावर मात्र तो लायसन्स असतो.

लीव्ह आणि लिव्ह

‘लिव्ह अँड लायसन्स’ हे ऐकून पुष्कळांना वाटतं की इथला ‘लिव्ह’ म्हणजे राहणे. राहण्याचा करार आहे, तेव्हा अर्थही जुळल्यासारखा वाटतो. मूळ शब्द आहे दीर्घ उच्चाराचा ‘लीव्ह’, ज्याचा एक जुना अर्थ परवानगी. ऑफिसात सुट्टीला ‘लीव्ह’ म्हणतात तेही त्याच अर्थाने, कामावर न येण्याची परवानगी म्हणून. सोडून जाणे या अर्थाचा ‘लीव्ह’ हा नव्हे. तेव्हा ‘लीव्ह अँड लायसन्स’ या जोडीत दोन्ही शब्द परवानगीच सांगतात, आणि राहण्याचा हक्क दोन्हींपैकी एकातही नाही. वकिलांनी जाणूनबुजून घातलेला हा दुहेरी टाका आहे. ‘लायसन्स’च्या स्पेलिंगात कुठे सी दिसेल, कुठे एस. ब्रिटिश इंग्रजीत नाम सीने लिहितात आणि क्रियापद एसने. पण आपल्या इझमेंट्स अ‍ॅक्टमध्ये नामही एसनेच छापलेलं आहे. त्याने कराराच्या अर्थात काही फरक पडत नाही.

मालक लायसन्सवरच का अडून बसतात

यात मालकांचा लोभ शोधू नये. पेठांमधल्या जुन्या वाड्यांचा इतिहास बघितला तर ही भीती समजते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूंना भक्कम संरक्षण दिलं. भाडी जवळजवळ गोठली आणि घर रिकामं करून घेणं अतिशय अवघड झालं. त्यातून सुटण्यासाठी मालक भाडेपट्ट्याऐवजी ‘परवानगी’ लिहून देऊ लागले. पुढे त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर राहणारे लोक एका फटक्यात भाडेकरू ठरले. ज्या कुटुंबांनी हे घरात अनुभवलं, त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी ‘भाडेकरू’ या शब्दाचीच धास्ती घेतली. आज लागू असलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा. त्याच्या कलम २४ ने मालकांना खात्री दिली, की लायसन्सची मुदत संपली की राहणाऱ्याने जागा सोडायची. सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

म्हणून ‘मला लीजच करून द्या’ असा हट्ट फ्लॅटसाठी धरू नका, कुणी देणार नाही. लीजची स्टॅम्प ड्यूटीही मालमत्तेच्या बाजारभावाशी जोडलेली असते, ती दोघांनाही जड जाते. लायसन्स घ्यायचं हे धरूनच चाला आणि सगळी ताकद त्यातल्या कलमांवर लावा. लीजमध्ये बरंच संरक्षण कायदा आपणहून देतो. लायसन्समध्ये जे लिहून घ्याल ते तुमचं.

पहिलं काम: मसुदा मागवा आणि नावं बघा

टोकन देण्याआधी मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. मालक वयाने मोठे असतील तर संकोच वाटतो, पण सरळ विचारावं: ‘काका, अ‍ॅग्रीमेंटचा ड्राफ्ट आधी पाठवाल का? निवांत वाचून मग थंबला बसू.’ (थंब म्हणजे नोंदणीसाठी द्यायचा बोटाचा ठसा.) पुण्यातल्या मालकांना याचं वाईट वाटत नाही, वाचून सही करणारा माणूस त्यांना आवडतो.

मसुद्यात तुमचा उल्लेख कसा केलाय ते बघा. ‘लेसी’ किंवा ‘टेनंट’ असेल तर लीजची भाषा, ‘लायसेन्सी’ असेल तर लायसन्सची. देणारा लेसर किंवा लायसेन्सर, घेणारा लेसी किंवा लायसेन्सी. एम्प्लॉयर आणि एम्प्लॉयी यांच्यातलं जे नातं, तेच इथे, एवढं ध्यानात ठेवलं की गोंधळ होत नाही. रकमेला लीजमध्ये ‘रेंट’ म्हणतात, लायसन्समध्ये ‘लायसन्स फी’ किंवा ‘मंथली कॉम्पेन्सेशन’. हा कॉम्पेन्सेशन शब्द बघून नुकसानभरपाई कसली, असं वाटून घाबरू नका. ‘रेंट’ शब्द टाळण्यासाठी काढलेली ती वाट आहे, अर्थ महिन्याचं भाडं इतकाच.

नावं सरमिसळ झालेली असतील, म्हणजे वर ‘लायसेन्सी’ आणि खाली ‘टेनंट’, तर ती एकसारखी करून घ्या. नुसत्या मथळ्याने करार लीज किंवा लायसन्स ठरत नाही. असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या खटल्यात १९५९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलातल्या केशकर्तनाच्या जागेचा करार आला होता. कागदावर लायसन्स लिहिलेलं होतं, पण दोन्ही पक्षांचा हेतू आणि जागेचा एकट्याकडे असलेला ताबा बघून न्यायालयाने ते लीज ठरवलं. राहत्या घराच्या लायसन्सचं मात्र आपल्या राज्यात थोडं वेगळं आहे. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली लेखी करार हा त्यात नमूद गोष्टींचा निर्णायक पुरावा धरला जातो. ‘काका तोंडी म्हणाले होते’ याला तिथे किंमत नाही.

दुसरं काम: ही कलमं सावकाश वाचा

मुदत. अकरा महिन्यांचा रिवाज आला तो १९०८ च्या नोंदणी कायद्यामुळे. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या लीजची नोंदणी त्याने सक्तीची केली, म्हणून लोक एक महिना कमी लिहू लागले. महाराष्ट्रात आता त्या हिशेबाला अर्थ राहिलेला नाही, कारण इथे लायसन्स कितीही महिन्यांचं असलं तरी नोंदवावंच लागतं. तुम्ही दोन-तीन वर्षं पुण्यात राहणार असाल तर २४ किंवा ३६ महिन्यांचा करार मागून बघा. दर वर्षीची वाढ त्यातच ठरवून घ्या. दर अकरा महिन्यांनी पुन्हा एजंट, पुन्हा खर्च आणि पुन्हा ‘यंदा मार्केट वर गेलंय’ ऐकणं वाचतं. ६० महिन्यांच्या वर मात्र जाऊ नका, कारण लायसन्सचा सवलतीचा स्टॅम्प दर तेवढ्यापर्यंतच आहे.

लॉक-इन आणि नोटीस. सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात, कारण हेही दोन शब्द लोक एक समजतात. लॉक-इन म्हणजे ज्या काळात करार मोडताच येत नाही किंवा मोडल्यास उरलेल्या महिन्यांचे पैसे द्यावे लागतात तो काळ. नोटीस म्हणजे त्यानंतर सोडायचं असेल तर किती दिवस आधी कळवायचं ते. सहा महिने लॉक-इन आणि एक महिना नोटीस असेल, तर पाचवा महिना संपताना नोटीस देऊन सहाव्याच्या शेवटी निघता येतं का, की सहा पूर्ण झाल्यावरच नोटीस द्यायची? हे स्पष्ट लिहून घ्या. आणि लॉक-इन दोघांनाही लागू आहे का ते बघा. पुष्कळ छापील मसुद्यांत तो फक्त लायसेन्सीवर असतो, मालक मात्र कधीही नोटीस देऊ शकतात. असं एकतर्फी कलम मी कुणालाही मान्य करू नका असंच सांगेन. नव्या शहरात, चालू नोकरीत, महिन्याभरात दुसरं घर शोधणं फार जिवावर येतं.

विक्री. वर सांगितलेलं कलम ५९ इथे आठवा. एक वाक्य घालून घ्या: मुदतीत जागा विकली गेल्यास नव्या मालकाकडून हा करार पूर्ण मुदतीपर्यंत पाळून घेण्याची जबाबदारी लायसेन्सरची, आणि तसं न झाल्यास किमान इतक्या दिवसांची लेखी नोटीस आणि जागा सोडतानाच पूर्ण डिपॉझिट परत. बाणेर-हिंजवडीकडे गुंतवणूक म्हणून घेतलेले फ्लॅट पुष्कळ आहेत आणि ते विकलेही जातात, म्हणून तिथे हे वाक्य हवंच. तुमची चूक नसताना मुदतीआधी काढलं तर भरपाई मागण्याचा हक्क इझमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम ६४ ने दिलेला आहे, पण तो मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागते. लिहून घेतलेलं वाक्य त्याआधीच उपयोगी पडतं.

डिपॉझिट. रक्कम, कोणत्या खात्यातून कोणत्या तारखेला दिली, आणि परत कधी मिळणार. ‘आफ्टर व्हेकेटिंग’ एवढंच लिहिलं असेल तर ते ‘जागेचा ताबा देताना, त्याच दिवशी’ असं करून घ्या. रंगकामासाठी पैसे कापायचे असतील तर आकडा आत्ताच घाला. दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेताच येत नाही, असं तुम्हाला कुणी सांगेल. ती तरतूद २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडे कायद्यातली आहे, आणि तो राज्यांनी स्वीकारायचा नमुना आहे. त्याच्या भरवशावर मालकांशी वाद घालू नका.

मालकांचा घरात येण्याचा हक्क. लायसन्समध्ये जागेचा कायदेशीर ताबा मालकांकडेच राहतो असं लिहिलेलं असतं, आणि एक किल्ली त्यांच्याकडे असते. त्याला हरकत घेऊ नका, लायसन्सचा आत्माच तो आहे. ‘आदल्या दिवशी कळवून, सोयीच्या वेळी’ एवढे शब्द मात्र घालून घ्या. मुली एकत्र राहणार असतील तर यावर अजिबात तडजोड करू नका.

मेंटेनन्स, पार्किंग आणि सामानाची यादी यांवर वेळ कमी गेला तरी चालेल. मेंटेनन्स कुणी भरायचा ते लिहा, पार्किंगचा नंबर लिहा, पंखे-गीझर मोजा. सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं शुल्क, मालकांवर लागतात आणि ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. ते तुमच्याकडून वसूल करण्याची भाषा असेल तर विचारा.

तिसरं काम: नोंदणी

भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘नोटरी करून देतो, पाचशेत काम होतं’ असं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात ऐकू येईल. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, तेव्हा न नोंदवलेलं तुमच्याच फायद्याचं, असा सल्लाही मिळतो. कलमात तसं आहे हे खरं, पण तो फायदा घ्यायला आधी वाद कोर्टात जावा लागतो. तोवर पत्त्याचा पुरावा नाही, सोसायटी आत घेत नाही आणि डिपॉझिट दुसऱ्याच्या खात्यात. नोटरीच्या कागदावर राहायला जाऊ नका.

नोंदणी आता घरबसल्या होते. नोंदणी व मुद्रांक विभागाचं मुख्यालय पुण्यातच आहे, कौन्सिल हॉलसमोरच्या नवीन प्रशासकीय भवनात, पण तिथे जायची गरज नाही. विभागाच्या ई-रजिस्ट्रेशन पोर्टलवर माहिती भरायची, ड्यूटी भरायची, आणि दोन्ही पक्ष व दोन साक्षीदारांची आधारवरून ओळख पटवायची. बहुतेक लोक हे काम एजंटाला देतात. तो लॅपटॉप, कॅमेरा आणि बोटाचा ठसा घेणारं यंत्र घेऊन घरी येतो, याला इथे ‘थंब देणं’ म्हणतात. थंब देण्याआधी स्क्रीनवरचा अंतिम मसुदा पुन्हा वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेली दुरुस्ती पोर्टलवर टाकायची राहून जाते, आणि एकदा बोट ठेवलं की ती राहूनच जाते.

खर्चाचा हिशेब स्वतः करता येतो. ६० महिन्यांपर्यंतच्या लायसन्सला स्टॅम्प ड्यूटी पाव टक्का असते. ती काढायची एकूण भाडं, परत न मिळणारं डिपॉझिट असेल तर ते, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज, या तिन्हींच्या बेरजेवर. समजा भाडं २०,००० रुपये, मुदत १२ महिने, डिपॉझिट ६०,०००. भाडं झालं २,४०,०००, डिपॉझिटवरचं व्याज ६,०००, बेरीज २,४६,०००. तिचा पाव टक्का म्हणजे ६१५ रुपये. शिवाय महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आणि एजंटाचे त्याचे पैसे. प्रत्यक्ष भरताना पोर्टल दाखवेल तो आकडा धरा, पण एजंटाने ‘सरकारी खर्च’ म्हणून चार-पाच हजार सांगितले तर चलनाची प्रत मागा. खर्च कुणी किती करायचा हे कराराआधीच बोलून घ्या.

दुय्यम निबंधकांनी दस्त मंजूर केला की कराराबरोबर ‘इंडेक्स टू’, म्हणजे नोंदणीचा गोषवारा, मिळतो. तो मराठीत असतो आणि एका पानाचा असतो. त्यात ‘विलेखाचा प्रकार’ बघा, तिथे लिव्ह अँड लायसन्स असं दिसलं पाहिजे. ‘दस्तऐवज करून देणारा’ म्हणजे मालक आणि ‘करून घेणारा’ म्हणजे तुम्ही. नावाचं स्पेलिंग, फ्लॅट नंबर आणि रक्कम तपासा, कारण गॅसपासून बँकेपर्यंत सगळीकडे हेच पान मागतात.

घरात शिरताना आणि निघताना

पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची असते, ती ऑनलाइन देता येते आणि मालकांनी द्यायची असते. फक्त हद्द बघा. २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय वेगळं आहे, आणि हिंजवडी-वाकड ‘पुणे’ म्हणून ओळखलं जात असलं तरी त्या आयुक्तालयात येतं. पोचपावतीची प्रत सोसायटीच्या ऑफिसात द्या. ऑफिसने ‘लीजची कॉपी’ मागितली तर नोंदणीकृत लायसन्सचीच प्रत द्यायची, त्यांना तीच हवी असते.

मुदत संपत आली की दोन महिने आधी मालकांशी बोला. राहायचं असेल तर नवा करार नव्याने नोंदवायचा. ‘राहा की, कागद नंतर करू’ हे प्रेमाने म्हटलं जातं, पण त्या दिवसापासून तुमच्याकडे परवानगी उरत नाही आणि दुप्पट भरपाईचं कलम तुमच्या डोक्यावर येतं. सोडायचं असेल तर नोटीस मेलवर द्या आणि ‘मिळाली’ असं उत्तर मागून घ्या. शेवटच्या दिवशी महावितरणच्या मीटरचा फोटो काढा, सामानाची यादी मालकांबरोबर एकेक करून जुळवा, आणि डिपॉझिट खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला की किल्ल्या द्या.